ठकूबाईची काचेची नळी

तिसऱ्या मंगळवारीही लघवी साफ निघाली.

मी टेस्ट ट्यूब स्पिरिटच्या दिव्यावरून बाजूला घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ. आम्लाचे दोन थेंब टाकून पुन्हा धरली. काही नाही. माझं मन मात्र मानेना.

"सिस्टर, बघून बघून अल्ब्युमिन येत नसतं," आमचे डॉक्टर मागून म्हणाले.

"साहेब, तिच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो. तो भरून येईपर्यंत माझे दहा आकडे मोजून होतात."

"या तालुक्यात हिवताप होऊन गेलेल्या निम्म्या बायकांचे पाय सुजलेले आहेत. अंगात रक्त नाही. लोहाचं मिक्श्चर द्या आणि पुढची बाटली घ्या."

लढाईचे दिवस होते. कर्जतच्या दवाखान्यात मी नर्स-मिडवाइफ म्हणून लागले त्याला वर्ष झालं होतं. पुण्यात शिकलेली, वय चोवीस, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री. दवाखान्यात दोन खाटा, डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. पंधरवड्यातून एकदा खोपोलीच्या गाडीने पळसदरीला उतरायचं आणि आसपासच्या वाड्यांमधल्या गरोदर बायका तपासायच्या, हे माझं काम.

पारू त्यांतलीच एक. वय एकोणीस, पहिलटकरीण, सातवा महिना. नवरा नामा रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतला. घरी थोडी भातशेती आणि सासू ठकूबाई. पारूची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच व्हायचं होतं. सातव्या महिन्यातच तिचं पोट नवव्यासारखं दिसत होतं. मी तिचे दिवस पुन्हा पुन्हा मोजले. मोजण्यात चूक नव्हती. त्यात पायांवर सूज, सकाळी पापण्या जड, आणि हातातल्या बांगड्या मनगटात रुतलेल्या.

लघवी उकळायची ही काय भानगड, ते सांगते. अंड्याचा पांढरा भाग उकळला की घट्ट होतो. तशाच जातीचं एक सत्त्व आपल्या रक्तात असतं, त्याला अल्ब्युमिन म्हणतात. ते रक्तातच राहायला हवं. काही गरोदर बायकांचं बी.पी. चढतं, मूत्रपिंडं थकतात, आणि हे सत्त्व लघवीतून गळायला लागतं. उकळलं की ते ट्यूबमध्ये पांढरं दिसतं. बाई हिंडतीफिरती असते, तिला फारसं दुखतखुपत नसतं. मग एक दिवस तिला आकडी येते. कधी मूल जातं, कधी आई, कधी दोघंही. त्या काळी आम्ही याला टॉक्सिमिया म्हणायचो. पोटात जुळी असली तर ही भीती आणखी वाढते. म्हणून आधी कळायला हवं, आणि खेड्यात आधी कळायचा मार्ग म्हणजे ही काचेची ट्यूब. बी.पी.चं यंत्र तालुक्यात आमच्याकडे एकच होतं, आणि डॉक्टर ते टेबलावरून हलू देत नसत.

नामा दर मंगळवारी हजेरीसाठी कर्जतला यायचा. येताना क्विनाइनच्या मिक्श्चरच्या रिकाम्या बाटलीत बायकोची सकाळची लघवी आणायचा. बाटली फडक्यात गुंडाळलेली असे, आणि ती माझ्या हातात देताना तो भिंतीकडे बघायचा. त्या दिवशी तो ओसरीवर थांबला होता. मी मिक्श्चर घेऊन बाहेर आले.

"हे पारूला दिवसातून दोनदा द्यायचं. आजपासून."

"आज कुटनं? ती घरी नाय."

"कुठे गेली?"

"चौकला, भावाकडं. सातव्याचं जेवान हाय. शनवारीच गेली."

मी मिक्श्चरची बाटली खाली ठेवली. "शनिवारी गेली? मग आज सकाळी ही लघवी कुठून आली?"

"आयनं दिली."

"पण कोणाची?"

नामाने भिंतीकडे बघितलं. "ते म्या कसं इचारू, बाई?"

आत डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मला हसू आलं नाही. तीन आठवडे मी एका धडधाकट म्हातारीची लघवी उकळत बसले होते, आणि हे दिवस पुन्हा मिळणार नव्हते.

दुपारच्याच गाडीने मी पळसदरीला गेले. ठकूबाई परसात वालाच्या शेंगा निवडत होती. पन्नाशीची काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा गावकीत बसणारा होता, पण घर हिच्या शब्दावर चालायचं. मी चप्पल न काढताच सुरुवात केली. काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. सुनेच्या जिवाशी खेळ, अडाणीपणा, सरकारची फसवणूक, सगळं बोलून झालं. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

ठकूबाईने शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. "बोलून जालं का?"

"झालं."

"मंग बसा. चा ठेवते."

चहा पिताना तिने कारण सांगितलं. आवाज चढला नाही, की पडला नाही.

"गरवार बाईचं काय बी शिवंभाईर जाऊ देऊ नाय. केस नाय, नख नाय, आन तुमी तर मूत मागितलं. ते कुनाच्या हाती पडंल, कोन त्याचं काय करील, तुमाला काय ठावं? तुमाला नळी उकळायची व्हती. म्या माजं दिलं. मला काय व्हायचं ते होऊ दे. माजं आता काय र्‍हायलंय?"

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "माजी दोन गेली, नरसबाय. एकाच येळंला. जुळी व्हती. राही सुईन व्हती तवा. तिनं वार घरात पुरायची सोडून वढ्याला नेऊन टाकली. तिसऱ्या दिशी एक गेलं, पाचव्या दिशी दुसरं. म्हनून म्या काय बी भाईर जाऊ देत नाय."

नामा तिचा त्यानंतरचा, एकुलता एक. ही बाई आम्हाला फसवत नव्हती. सुनेवर यायचं ते स्वतःवर घेत होती.

मग मला सुचलं ते बोलले. "ठकूबाई, लघवी बाहेर जायला नको ना? नाही जाणार. मी दिवा आणि नळी इथे घेऊन येते. तुमच्या परसात, तुमच्यासमोर उकळते, आणि उकळलेलं तुमच्याच केळीच्या बुडाशी ओतते. चालेल?"

तिने बराच विचार केला. "त्याला हरकत नाय," म्हणाली. "पोरीला उद्याच आनवते."

शुक्रवारी मी स्पिरिटचा दिवा, दोन ट्यूब आणि आम्लाची बाटली पिशवीत घालून गेले. पारू आली होती. तिचा चेहरा पंधरा दिवसांत गोल झाला होता. तिने लाजत वाटीत लघवी आणून दिली. मी दिवा पेटवला. ट्यूबच्या वरच्या भागाला आच लागली आणि लघवी गढूळली. मी आम्लाचे थेंब टाकले. गढूळपणा गेला नाही, दाट झाला, आणि त्याचे पांढरे कण खाली बसायला लागले. हळूहळू ट्यूबचा तळचा भाग दह्यासारखा दिसू लागला.

ठकूबाई खाली वाकून बघत होती. "ह्ये काय?"

"पारूच्या रक्तातलं सत्त्व. ते गळतंय. म्हणून सूज आहे."

ती उठली, आत गेली आणि दुसरी वाटी घेऊन आली. "आता माजं उकळा."

"तुमचं कशाला? तुमचं मी तीनदा उकळलंय."

"म्या बगितलं नाय. तुमच्या दिव्यानं समद्यांचंच पांढरं व्हत असंल तर?"

कॉलेजात आम्हाला हे शिकवायला एक तास घालवला होता, की एका नळीवरून काही ठरत नाही, शेजारी निरोगी माणसाची नळी ठेवून ताडून बघावं लागतं. या बाईला सही करता येत नव्हती. मी दुसरी ट्यूब उकळली. स्वच्छ निघाली. तिने दोन्ही ट्यूब दोन हातांत धरून उन्हात खूप वेळ बघितल्या. मग वाद घातला नाही.

"काय करायचं ते सांगा," म्हणाली.

त्याआधी मला पोट नीट तपासायचं होतं. आता माझ्या डोक्यात वेगळीच शंका आली होती. पारूला चटईवर निजवलं. हाताला एक डोकं खाली लागत होतं, आणि एक वर, डाव्या अंगाला. लाकडी कर्णा लावला. हा कर्णा म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं. खाली उजवीकडे ठोके लागले. वर डावीकडेही लागले. पण एकाच बाळाचे ठोके दोन ठिकाणी ऐकू येऊ शकतात. जुळी आहेत हे ठरवायचं तर दोन माणसांनी एकाच वेळी दोन जागी ऐकावं लागतं. ठोके जुळले नाहीत तर हृदयं दोन. माझ्याबरोबर दुसरं माणूस नव्हतं.

"ठकूबाई, इथे कान लावा. काही ऐकू येतंय?"

तिने पदर सावरला आणि सुनेच्या पोटावर कान टेकला. बराच वेळ गेला. "घड्याळावानी वाजतंय."

"प्रत्येक ठोक्याला जमिनीवर बोट मारायचं. एकही चुकवायचा नाही."

तिचं बोट सारवलेल्या जमिनीवर पडू लागलं, टक टक टक टक. मी दुसऱ्या बाजूला कर्णा लावून माझ्या बोटाने ठोके देऊ लागले. सुरुवातीला दोन्ही बोटं बरोबर पडली. मग माझं मागे पडलं, तिचं पुढे गेलं. पुन्हा जरा वेळ जुळली, पुन्हा फुटली. पारू आमच्या दोघींच्या बोटांकडे आळीपाळीने बघत होती.

"आत्याबाय, दोन हायेत?" तिने हळूच विचारलं.

ठकूबाईने कान काढला नाही. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. "दोन हायेत," म्हणाली, आणि जरा वेळाने, "जोडकेळ खाल्लंस का गं कुटं?"

कर्जतला परतून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत.

"तिला इथे आणून ठेवा. बाळंतपणापर्यंत."

"सातव्याच्या जेवणाला माहेरी पाठवली तेवढीच, साहेब. आता सासू बाळंतपणाआधी तिला शिवेबाहेर पाठवणार नाही."

"मग घरी विश्रांती? भात कापणीला आलंय. कोण शेतकरी सुनेला दीड महिना निजू देतो? दोन दिवसांत उठवतील."

डॉक्टरांचा अनुभव दांडगा होता, पण ठकूबाईचा त्यांना अनुभव नव्हता. पारू पडवीत निजली ती निजलीच. ठकूबाईने कापणी केली, भारे बांधले, झोडणी केली, पाणी भरलं. आठवड्यातून दोनदा मी दिवा घेऊन जायची. एकदाही पारू मला चुलीपुढे दिसली नाही. आम्ही तेव्हा मीठ बंद करायला सांगायचो. आताचे डॉक्टर म्हणतात की मिठाचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि त्यांचं बरोबर असेल. तेव्हा आम्हाला तेच माहीत होतं. पारूला अळणी जेवण जाईना, तेव्हा ठकूबाईने सगळ्या घराचं मीठ बंद केलं. सासरा कुरकुरला. नामा धोतराच्या सोग्यात मिठाचा खडा बांधून ड्यूटीवर जायचा, हे मला त्याच्या मुकादमाने सांगितलं.

एक ट्यूब मी त्यांच्या कोनाड्यात कायमचीच ठेवून दिली होती. दर खेपेला त्याच ट्यूबमध्ये तेवढीच लघवी उकळायची आणि पांढरा थर खाली बसेपर्यंत थांबायचं. थर किती वर आलाय ते ठकूबाई काचेवर ओल्या कुंकवाच्या रेघेने मांडून ठेवायची. ही कल्पना तिचीच. पहिली रेघ वर होती, दुसरी तिच्या खाली, तिसरी आणखी खाली. सूज ओसरत होती. मी तिला म्हटलं, "ठकूबाई, तुम्ही दवाखान्यात नोकरी करा."

"पगार काय देता?" तिने विचारलं.

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला मी दवाखान्यात ड्रेसिंग करत होते. सकाळचे दहा वाजले असतील. स्टेशनच्या बाजूने गलका ऐकू आला म्हणून ओसरीवर आले. चार गँगमन एक बाज खांद्यावर घेऊन येत होते, नामा त्यांत पुढे. बाजेवर पारू. शेजारी ठकूबाई जवळजवळ धावत होती. मागे बघ्यांची रांग.

काय झालं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहाटे पारूचं डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. असं झालं तर मला लगेच कळवा, असं मी सांगून ठेवलं होतं. पण ठकूबाईने नुसत्या सांगण्यावर भरवसा ठेवला नाही. तिने कोनाड्यातली नळी काढली आणि पारूची लघवी समईच्या ज्योतीवर उकळली. आम्ल नव्हतं. माझ्या बाटलीला आंबट वास येतो हे तिच्या लक्षात होतं, म्हणून तिने लिंबू पिळलं. थर सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर गेला. तेवढ्यात कळाही सुरू झाल्या. गाडीला दोन तास होते. रेल्वेचे इन्स्पेक्टरसाहेब लाइन तपासायला ट्रॉलीवरून यायचे, ती ट्रॉली, म्हणजे रुळांवर माणसांनी ढकलायची गाडी, पळसदरीला उभी होती. ठकूबाई रुळांत जाऊन साहेबांच्या समोर उभी राहिली. साहेब गोरा होता. तिने त्याला मराठीत जे सांगितलं ते त्याला किती कळलं देव जाणे, पण तो खाली उतरला, लाइन मोकळी आहे का ते त्याने स्टेशनमास्तरला विचारलं आणि स्वतः चालत निघाला. ट्रॉलीवर बाज ठेवून गँगने ढकलत पारूला कर्जतला आणलं.

बाटलीभर लघवी शिवेबाहेर जाऊ न देणारी ही बाई अख्खी सून घेऊन आली होती. आणि ओच्यातून काजळलेली नळी काढून तिने ती आधी डॉक्टरांच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी कुंकवाच्या रेघा बघितल्या.

"हे काय आहे?"

"तिचे केसपेपर आहेत, साहेब," मी म्हणाले. "सगळ्यात वर थर आलाय तो आजचा."

बाज ओसरीवर टेकवत असतानाच पारूला आकडी आली. डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ होऊन हातपाय झटकू लागले. बघ्यांतली एक बाई पुढे आली. "बाहेरचं हाय गं बाय. कांदा फोडा, हुंगवा तिला." कोणीतरी चप्पलही काढली.

ठकूबाईने त्या बाईचा हात बाजूला सारला. "बाहेरचं काय नाय. आतलं हाय. म्या नळीत बगितलंय."

मी पारूला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. डॉक्टरांनी मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं. खिडक्यांना चादरी लावून खोली काळोखी केली, कारण उजेडाने किंवा आवाजाने पुन्हा आकडी येते. तशी ती आली असती तर पारू गेलीच असती. ठकूबाईने ओसरीवरच्या सगळ्यांना हाकललं आणि दारात अशी बसली की दुपारपर्यंत दवाखान्यात भांडं वाजलं नाही. कंपाउंडर औषधाच्या बाटल्या फडक्यावर ठेवत होता.

चारच्या सुमाराला पहिली मुलगी झाली. चार पौंडांचीही नसेल. निळसर, आणि रडेना. मी तिला घेऊन बाजूच्या टेबलाशी गेले. घसा साफ केला, पाठ चोळली, फुंकर घातली. तिकडे डॉक्टरांनी पोट चाचपलं. दुसरं मूल आडवं फिरलं होतं. आडवं मूल आपणहून जन्माला येत नाही. हात आत घालून त्याचा पाय शोधून ओढावा लागतो, आणि ते केव्हा करायचं हे त्याच्या ठोक्यांवर ठरतं. आकडीच्या पेशंटला जितकं कमी हाताळाल तितकं बरं.

"सिस्टर, ठोके?" डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत होते.

माझ्या हातात न रडणारं मूल होतं. "ठकूबाई," मी म्हणाले.

ती आत आली. काही विचारलं नाही. सुनेच्या पोटावर कान टेकला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाने ठोके देऊ लागली. काळोख्या खोलीत तेवढाच आवाज होता. टक टक टक टक. मला माझ्या हातातल्या मुलीला फुंकर घालताना तो ऐकू येत होता आणि तो चांगला होता. मग तो मंदावला. मला वाटलं, म्हातारीचं बोट थकलं.

"साएब," ती कान न उचलता म्हणाली, "हळू पडाया लागलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एका शेतकरी बाईच्या बोटावर विसंबून त्यांनी हात आत घालायचा की नाही, हा प्रश्न होता.

"तिचा कान खरा आहे, साहेब."

कंपाउंडरने क्लोरोफॉर्मचे थेंब सोडले. डॉक्टरांनी हात घातला. खाटेच्या कडेवरचा ठोका आणखी सावकाश झाला. टक. टक. पाय मिळाला. मूल बाहेर आलं, तीही मुलगीच, आणि ती आली तीच ओरडत. तिच्या आवाजाने माझ्या हातातलीने तोंड उघडलं आणि रडायला लागली. मी नर्स आहे, असल्या वेळी डोळ्यांत पाणी आणायचं नसतं, पण आलं.

दारातून कोणीतरी म्हणालं, "दोनी पोरीच?"

"दोनी रडतायत ना?" ठकूबाई म्हणाली. "बास."

पारूला पुन्हा आकडी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायचं थांबलं, मुलींना कापसात गुंडाळून थेंब थेंब दूध पाजणं सुरू झालं. त्या दुपारी ठकूबाई माझ्याशेजारी ओसरीवर येऊन बसली.

"नरसबाय, माजं बी पाय असंच सुजलं व्हतं."

मी हातातलं काम थांबवलं.

"डोस्कं असंच ठनकायचं. आकडी बी आल्ती म्हनं. मला याद नाय, सासू सांगायची. पोरं येवडीच व्हती, मुठीयेवडी." तिने आपली मूठ बघितली. "मंग माजी कशानं गेली?"

कोणास ठाऊक, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण जिने दुसरी नळी मागितली होती तिला मी तसलं उत्तर देऊ शकत नव्हते.

"ह्यानंच गेली असतील, ठकूबाई."

"मंजे वारंचं काय नव्हतं."

"नव्हतं."

"राहीचं बी काय नव्हतं."

"नाही."

"तीस सालं म्या तिच्या दारावरनं गेली नाय," एवढंच म्हणाली.

बाराव्या दिवशी मी पळसदरीला गेले. परसात केळीखाली एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. तिच्या नडग्यांवर एक मुलगी पालथी होती, ती तिला तेल लावून न्हाऊ घालत होती. ठकूबाई गरम पाण्याचा तांब्या धरून होती, हळूहळू ओतत होती. दुसरी मुलगी सुपात निजली होती.

"ही राही," ठकूबाईने मला सांगितलं. "पोरांना न्हाऊ घालावं तर हिनंच." दोघीही मग पाणी किती ऊन हवं यावर भांडत बसल्या.

मी पुढे तीस-एक वर्षं नोकरी केली, निम्म्या कुलाबा जिल्ह्यात बदल्या झाल्या, शेवटी नव्या मुलींना शिकवायचं काम आलं. लघवी तपासण्याआधी ती ज्या बाईची आहे ती बाई डोळ्यांनी बघावी, हे पुस्तकात नव्हतं. ते मी पहिल्याच तासाला सांगायची. तरी मी स्वतः पुढे आणखी दोनदा फसले. दोन्ही वेळा बाटली सासूने बदललेली होती. म्हणून मुलींना मी हेही सांगायची की अशा बाईवर ओरडू नका, माझ्यासारख्या तोंडघशी पडाल. आधी तिचा चहा प्या. तुमचं निम्मं काम तीच करणार आहे.